दहा हजारांचा फोन: बॉक्सवर न छापलेल्या गोष्टी

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर मोबाइलच्या कुठल्याही दुकानात जा आणि 'दहा हजारांपर्यंत चांगला फोन दाखवा' म्हणा. काउंटरवरून चार आकडे ऐकू येतील: पन्नास मेगापिक्सल, पाच हजारची बॅटरी, आठ जीबी रॅम, फाइव्ह जी. दुसऱ्या कंपनीचा मागा, आकडे तेच. तिसऱ्या कंपनीचा मागा, पुन्हा जवळपास तेच. मग माणूस रंग बघतो, पाचशे रुपये कुठे कमी आहेत ते बघतो आणि एक फोन उचलतो. दीड-दोन वर्षांनी त्यातला एक फोन मजेत चाललेला असतो आणि दुसरा हँग होऊन होऊन ड्रॉवरमध्ये पडलेला असतो.

हा फरक नशिबाचा नसतो. आठ ते बारा हजारांच्या पट्ट्यात फोन बनवताना कंपनीला कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागतो. गिऱ्हाईक जे आकडे विचारतं ते मोठे ठेवायचे आणि जे विचारत नाही तिथे काटकसर करायची, असा तो सरळ हिशेब आहे. बरीचशी माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर असते, पण ती कशी वाचायची हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. ते सांगावं म्हणून हा लेख. ज्या घरात दहा हजार म्हणजे महिन्याच्या पगाराचा मोठा हिस्सा असतो, त्या घराला चुकीचा फोन सगळ्यात महाग पडतो, आणि नेमका तिथेच धड सल्ला पोचत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. या किमतीचा फोन आज वाईट राहिलेला नाही. कॉल, व्हॉट्सॲप, यूपीआय, नकाशे, सरकारी अर्ज, मुलांचे अभ्यासाचे व्हिडिओ ही सगळी कामं तो करतो. प्रश्न एवढाच, की तो ही कामं किती वर्षं करेल आणि तुमचं रोजचं काम त्याच्या नेमक्या कमकुवत बाजूवर तर येत नाही ना.

स्टोरेज: फोन म्हातारा इथून होतो

फोन स्लो झाला की आपला पहिला संशय प्रोसेसरवर जातो, नाहीतर रॅमवर, म्हणजे चालू ॲप तात्पुरती धरून ठेवणाऱ्या मेमरीवर. स्वस्त फोनमध्ये खरं दुखणं बऱ्याचदा स्टोरेजमध्ये असतं. ६४ जीबी किंवा १२८ जीबी हा आकडा फक्त जागा किती ते सांगतो. त्या जागेत माहिती किती वेगाने ठेवता आणि काढता येते, हे तो सांगत नाही.

स्वस्त फोनमध्ये दोन प्रकारचं स्टोरेज येतं. जुन्या प्रकाराचं नाव ईएमएमसी, नव्याचं यूएफएस. समजा एखाद्या बाजार समितीला एकच गेट आहे. कांद्याचे ट्रॅक्टर आत येत असतील तोवर रिकामे ट्रॅक्टर बाहेर पडू शकत नाहीत. एका बाजूची रांग थांबवून दुसरी सोडावी लागते. ईएमएमसी असं चालतं: एका वेळी वाचणं किंवा लिहिणं, दोन्ही एकदम नाही. यूएफएसला येण्याचं आणि जाण्याचं गेट वेगळं आहे, शिवाय गेट रुंदही आहे. म्हणून पाठीमागे ॲप अपडेट होत असताना तुम्ही कॅमेरा उघडला, तर यूएफएसचा फोन तो उघडतो. ईएमएमसीचा फोन काही क्षण काळा पडदा दाखवत बसतो.

नवा असताना हा फरक फारसा जाणवत नाही, आणि गंमत अशी की दुकानात आपण नवाच फोन हाताळतो. फरक दिसायला लागतो स्टोरेज भरल्यावर. फोनमधल्या फ्लॅश मेमरीत जुन्या माहितीवर थेट नवी माहिती लिहिता येत नाही. आधी तो भाग पुसावा लागतो, आणि पुसणं एकेका अक्षराचं होत नाही, सबंध गठ्ठ्याचं होतं. मोकळे गठ्ठे भरपूर असतात तोवर फोन सरळ तिथे लिहितो. मोकळी जागा संपत आली की आधी इकडचं तिकडे हलव, गठ्ठा रिकामा कर, पूस, मग लिही, अशी कसरत सुरू होते. स्टोरेज मुळातच संथ असेल तर ही कसरत तुम्हाला 'हँग' म्हणून दिसते.

आता ६४ जीबीचा हिशेब बघा. अँड्रॉइड आणि कंपनीने आधीच भरून दिलेली ॲप मिळून साधारण पंधरा ते वीस जीबी पहिल्याच दिवशी गेलेले असतात. उरलेल्यात कुटुंबाचे, गावाचे, सोसायटीचे, भिशीचे, कांदा-टोमॅटोच्या भावाचे व्हॉट्सॲप ग्रुप. प्रत्येक ग्रुपवरचं सकाळचं शुभप्रभात आपोआप डाउनलोड होत असतं. वर्षभरात फोन भरतो. म्हणून माझं ठाम मत आहे: या किमतीत पाचशे-हजार रुपये जास्त घालायचेच असतील तर ते १२८ जीबीसाठी घाला, कॅमेऱ्यासाठी नको. आणि दोन फोन हजाराच्या अंतरात असतील, त्यातल्या एकात यूएफएस असेल, तर तो घ्या. बॉक्सवर हे सहसा नसतं. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानावर बघा. तिथे स्टोरेजचा प्रकार लिहायचाच टाळला असेल तर तो बहुधा ईएमएमसी आहे असं समजून चाला.

मेमरी कार्डाची जागा बऱ्याच स्वस्त फोनमध्ये अजून असते आणि ती या फोनांची खरी जमेची बाजू आहे, कारण महागड्या फोनांतून ती जवळजवळ गेलीच. पण कार्डावर फोटो, व्हिडिओ, गाणी, कीर्तनं ठेवा, ॲप नको. कार्डाचा वेग फोनच्या आतल्या स्टोरेजपेक्षाही कमी असतो.

चार अधिक चार म्हणजे आठ नव्हे

'आठ जीबी रॅम' असं मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात 'चार अधिक चार' असं दिसलं, की खरी रॅम चारच जीबी आहे. उरलेले चार जीबी म्हणजे स्टोरेजचा एक कोपरा, जो रॅमसारखा वापरायचा प्रयत्न फोन करतो. रॅम स्टोरेजच्या कितीतरी पट वेगवान असते, त्यामुळे ही भर कागदावर मोठी आणि वापरात छोटी आहे. त्यातून स्टोरेज ईएमएमसी असेल आणि ते भरत आलं असेल, तर या उसन्या रॅममुळे त्या एकुलत्या गेटावर अजून गर्दी होते. अशा फोनमध्ये सेटिंगमधून ही सोय बंद करून बघा. काही फोन त्यानंतर हलके वाटतात.

चार जीबीतली जवळपास निम्मी रॅम फोनच्या स्वतःच्या कामात जाते. उरलेल्यात दोन-तीन ॲप मावतात. चौथं उघडलं की अँड्रॉइड सगळ्यात जुनं ॲप गुपचूप बंद करतं. गाणी ऐकणाऱ्याला याने फरक पडत नाही. फरक पडतो अर्ज भरणाऱ्याला. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरतोय, आधारचा ओटीपी आला, तो बघायला मेसेजमध्ये गेलो, परत आलो तर पान पुन्हा पहिल्यापासून लोड होतंय आणि भरलेलं सगळं गेलं. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी किंवा कॉलेज प्रवेशाच्या दिवसांत हा अनुभव घेतलेली माणसं घरोघरी सापडतील. आपल्यालाच फोन नीट वापरता येत नाही असं त्यांना वाटतं. तसं नसतं. फोनला जागा पुरली नाही, एवढंच घडलेलं असतं.

यावर दोन उपाय. अर्ज भरण्यापूर्वी बाकीची सगळी ॲप बंद करा. आणि ओटीपी बघायला मेसेजमध्ये जाऊच नका. पडद्याच्या वरून बोट खाली ओढा, नोटिफिकेशनमध्येच आकडा दिसतो. घरात शिकणारं मूल असेल तर खरी सहा जीबी रॅम शोधा. फक्त आई-वडिलांच्या कॉल आणि व्हॉट्सॲपसाठी चार पुरतात. दोन-तीन जीबीच्या फोनमध्ये अँड्रॉइडची 'गो' नावाची हलकी आवृत्ती येते. ती कमी रॅमसाठीच बनवलेली आहे आणि साध्या वापराला चालते, पण तिच्यावर शिक्षणाचा भार टाकू नये.

अपडेट किती वर्षं, आणि ती मोजायची कधीपासून

अपडेट दोन प्रकारचे असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक अँड्रॉइडची नवी आवृत्ती, म्हणजे नवं रूप, नव्या सोयी. ती नाही मिळाली तरी फार बिघडत नाही. दुसरा सुरक्षेचा अपडेट. अँड्रॉइडमध्ये सापडलेल्या फटी बुजवण्याचं काम तो करतो. फटी जाहीर झाल्या की त्या चोरांनाही कळतात, म्हणून ज्या फोनमधून रोज पैसे जातात-येतात त्या फोनला हा अपडेट मिळत राहणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

महागड्या फोनांना आता सात-सात वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ फाइव्ह जी २०२४ मध्ये आणला तेव्हा सहा वर्षांचं आश्वासन दिलं. पण तो तेव्हा अठरा-एकोणीस हजारांच्या घरात होता. दहा हजारांच्या आसपास चित्र फार वेगवेगळं आहे. काही कंपन्या चार वर्षं देतात, काही दोन, आणि काही याबद्दल बोलतच नाहीत. न बोलणं हेसुद्धा एक उत्तर आहे असं समजावं.

यात एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. ही वर्षं तुम्ही फोन घेतला त्या दिवसापासून मोजत नाहीत, तो मॉडेल बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात. दिवाळीत दीड वर्ष जुना मॉडेल दोन हजार रुपयांनी उतरतो आणि सौदा छान वाटतो. पण त्याला एकूण तीनच वर्षं अपडेट असतील तर तुमच्या वाट्याला दीडच आली. दुकानात विचारायचा प्रश्न हा: 'दादा, हा मॉडेल कधी आलाय?' उत्तर मिळालं नाही तर तिथेच उभं राहून आपल्या फोनवर शोधा, मिनिटभर लागतो. ओळखीत कोणाकडे त्याच कंपनीचा वर्ष-दीड वर्ष जुना स्वस्त फोन असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये 'फोनविषयी' या भागात सुरक्षा पॅचची, म्हणजे शेवटच्या सुरक्षा अपडेटची, तारीख बघा. सात-आठ महिने जुनी असेल, तर कंपनी विकल्यावर गिऱ्हाइकाकडे किती बघते ते कळलं.

अपडेट थांबले की फोन दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. २०१३ साली आलेल्या अँड्रॉइड किटकॅटवर व्हॉट्सॲप थेट १ जानेवारी २०२५ पर्यंत चालत होतं. बँकांची ॲप मात्र लवकर हात वर करतात. आणि अपडेट असला तरी व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिकेची किंवा चलनाची म्हणून आलेली 'एपीके' फाइल, म्हणजे खरं तर एक ॲपच, स्वतःच्या हाताने इन्स्टॉल केली तर कुठलाही अपडेट वाचवत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

पडदा: कमी ठिपके, कमी उजेड

स्वस्त फोनचा पडदा बहुधा ७२० बाय १६०० ठिपक्यांचा असतो. महाग फोनमध्ये १०८० बाय २४००. गुणाकार केला तर साडेअकरा लाख विरुद्ध जवळपास सव्वीस लाख ठिपके. ऐकायला हा मोठा तोटा वाटतो. मी त्याला तोटा मानत नाही. बारीक अक्षरांच्या कडा थोड्या खडबडीत दिसतात, पण साध्या प्रोसेसरला निम्म्याहून कमी ठिपके रंगवावे लागतात आणि बॅटरीही वाचते. या किमतीत हा समजूतदार व्यवहार आहे.

खरा तोटा उजेडाचा. पडद्याची चमक निट्समध्ये मोजतात. स्वस्त फोन बरेचदा चारशे ते पाचशे निट्सच्या आसपास थांबतात. घरात, ऑफिसात ते भरपूर आहे. पण एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो तेव्हा भर दुपारी पिंपळगावच्या मार्केटमध्ये, दिंडोरीच्या द्राक्षबागेत किंवा द्वारका चौकात दुचाकीवर थांबून पत्ता बघताना त्या पडद्यावर आपलाच चेहरा दिसतो. त्यातून फोन तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी चमक आणखी उतरवतो. दिवसभर उन्हात काम करणारा शेतकरी, डिलिव्हरी करणारा मुलगा, रिक्षावाला यांनी बाकी सगळं सोडून हा आकडा आधी बघावा. सातशे-आठशेच्या पुढे असेल तर बरं. आणि फोन विकत घेण्यापूर्वी दुकानाबाहेर फुटपाथवर नेऊन बघू द्या म्हणावं. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

कॅमेऱ्याचा आकडा

पन्नास मेगापिक्सल हा खोटा आकडा नाही, पण फोटो पन्नासचा निघत नाही. शेजारशेजारचे चार बारीक ठिपके एकत्र करून त्यांचा एक ठिपका केला जातो, म्हणजे फोटो साडेबारा मेगापिक्सलचा. हे चांगल्यासाठीच करतात, कारण सेन्सर इवलासा असतो आणि प्रत्येक ठिपक्यावर प्रकाश फार थोडा पडतो. दिवसा उजेडात निकाल छान येतो. सातबाऱ्याचा, मार्कशीटचा, पावतीचा फोटो या फोनवर उत्तम निघतो. रामकुंडावरच्या संध्याकाळच्या आरतीचा मात्र निघत नाही: दिव्यांच्या ज्योती पसरतात, चेहऱ्यांवर रवाळपणा येतो, हलणारे हात पुसट होतात. फोटो काढताना हाताची थरथर सावरणारी यंत्रणाही या किमतीत नसते.

मागे दोन-तीन गोल भिंगं दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. त्यातलं कामाचं बहुधा एकच असतं. 'मॅक्रो' म्हणून दिलेलं दोन मेगापिक्सलचं भिंग तर मी कोणाला सुचवतच नाही. द्राक्षबागायतदारांसाठी हे मुद्दाम सांगतो. पानावर केवडा रोग आहे की भुरी रोग, हे सल्लागाराला व्हॉट्सॲपवर दाखवायचं असतं. केवड्यात पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग आणि खालच्या बाजूला पांढरी वाढ असते, म्हणजे दोन्ही बाजूंचे फोटो हवेत आणि ते सुस्पष्ट हवेत. त्यासाठी मुख्य कॅमेरा वापरा, पान सावलीत धरा, फोन वीतभर अंतरावर ठेवा, पडद्यावर पानाला बोट लावून फोकस होऊ द्या आणि मग फोटो कापून मोठा करा. फक्त एक खात्री करून घ्या, की मुख्य कॅमेऱ्याला ऑटोफोकस आहे. अगदी पाच-सहा हजारांच्या काही फोनमध्ये तो नसतो, आणि मग जवळचं काहीच नीट येत नाही.

बॅटरीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण इथे स्वस्त फोन मनापासून चांगले आहेत. पाच हजार एमएएचची बॅटरी, कमी ठिपक्यांचा पडदा आणि बेताचा प्रोसेसर हे त्रिकूट सातपूर-अंबडच्या कारखान्यातली डबल शिफ्ट निभावून नेतं. वेळ लागतो तो चार्जिंगला. पाच हजार एमएएच म्हणजे साधारण १९ वॉट-तास ऊर्जा. दहा वॉटच्या चार्जरने, गळती धरून, अडीच ते तीन तास लागणारच. गावात लोडशेडिंग असेल आणि वीज मोजून मिळत असेल तर अठरा वॉट किंवा जास्तीचा फोन बघा. चार्जर बॉक्समध्ये आहे का हेही विचारा; हल्ली तो वगळायची पद्धत पडत चालली आहे. वेगळा घ्यावा लागला तर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि नोंदणी क्रमांक असलेलाच घ्या.

फाइव्ह जी, पण कुणाचं?

भारतात फाइव्ह जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, पण दोन वेगळ्या वाटांनी. जिओने पूर्णपणे नवं, स्वतंत्र जाळं उभारलं. एअरटेलने सुरुवातीला फोर जीच्या जाळ्यावर टेकून फाइव्ह जी दिलं. बहुतेक फोनना दोन्ही वाटा चालतात. सगळ्यात स्वस्त फोनांच्या बाबतीत हे गृहीत धरता येत नाही. रेडमी ए४ फाइव्ह जी नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, तेव्हा त्याला फक्त स्वतंत्र जाळं चालत होतं. म्हणजे जिओचं फाइव्ह जी मिळणार आणि एअरटेलच्या त्या टेकलेल्या जाळ्यावर तो फोर जीवरच राहणार. फोनवर मोठ्या अक्षरात फाइव्ह जी लिहिलेलं होतं आणि ते खरंही होतं. म्हणून आपल्या सिमवर चालेल का, हे विचारून घ्यायचं.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची, म्हणजे नेटवर्क ज्या वारंवारतांवर चालतं त्यांची. लहरींची वारंवारता जितकी कमी तितक्या त्या दूर जातात आणि भिंतीतून जास्त आत शिरतात. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा एकट्या जिओने घेतला. माहितीपत्रकात तो 'एन २८' असा दिसतो. वेगवान पण कमी पल्ल्याचा पट्टा 'एन ७८'. दोन्ही असलेले बरे. सुरगाणा, पेठ, इगतपुरी, त्र्यंबकच्या डोंगराळ भागात राहणाऱ्यांनी तर फाइव्ह जीच्या आधी फोर जीचे कमी वारंवारतेचे पट्टे, म्हणजे ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झ, फोनमध्ये आहेत ना ते पाहावं. तिथे वेगापेक्षा रेंज येणं मोलाचं. आणि २०२७ मध्ये सिंहस्थाच्या पर्वण्यांना गोदाघाटावर लाखोंची गर्दी एकाच वेळी नेटवर्क मागेल, तेव्हा ज्या फोनला जास्त पट्टे समजतात त्याला मोकळी वाट सापडण्याची शक्यता जास्त राहील.

ज्यांचं सगळं काम घरच्या वायफायवर होतं, किंवा जे दिवसाला एक जीबीसुद्धा वापरत नाहीत, त्यांना चांगला फोर जी फोन अजून दोन-तीन वर्षं सहज पुरेल. त्याच पैशात त्यांना जास्त स्टोरेज मिळेल. फाइव्ह जीच्या नावाखाली बाकी सगळं पातळ केलेला फोन मला पटत नाही.

गायब झालेले सेन्सर

काटकसरीची सगळ्यात लपलेली जागा ही आहे. होकायंत्राचा सेन्सर नसेल तर नकाशात तुमचा निळा ठिपका दिसतो, पण तुमचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते कळत नाही. जुन्या नाशकात भद्रकाली, तिवंधा, सराफ बाजाराच्या गल्ल्यांत पार्सल पोचवणाऱ्याला प्रत्येक वळणावर चार पावलं चुकीच्या दिशेला जाऊन मग परत यावं लागतं. दुकानात नकाशा उघडून जागच्या जागी गोल फिरा. निळ्या ठिपक्याचा झोत फिरला तर सेन्सर आहे.

दुसरा कानाजवळचा सेन्सर. कॉलवर फोन कानाला लावला की पडदा बंद करायचं काम त्याचं. काही स्वस्त फोनमध्ये खराखुरा सेन्सर नसतो, सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. अंदाज चुकला की पडदा चालू राहतो, गालाने बटणं दाबली जातात, कॉल होल्डवर जातो. वयस्कर माणसांना याचा फार मनस्ताप होतो आणि त्यांना कारणही सांगता येत नाही. दुकानातून एक कॉल लावून दहा सेकंद फोन कानाला लावून बघा.

जीपीएसची चिंता फार करू नका. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो आणि फोन तिथलं स्थान नोंदवतो. उघड्या रानात स्वस्त फोनचं जीपीएस हे काम करतं, फक्त पहिल्यांदा उपग्रह सापडायला त्याला मिनिट-दोन मिनिटं द्यावी लागतात. झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडखाली उभं राहून घाई केली तर ठिकाण शेजाऱ्याच्या बांधावर दिसतं.

दुरुस्ती, आणि जुना महाग फोन घ्यावा का

प्लॅस्टिकची पाठ ही स्वस्त फोनची बदनाम पण गुणी गोष्ट आहे. पडली तर ओरखडा येतो, काचेसारखा तडा जात नाही. एलसीडी पडदा फुटला तर त्याचा कॉम्बो (पडदा आणि टचची काच एकत्र) महाग फोनच्या पडद्यापेक्षा बराच स्वस्तात बसतो. पण तो मिळायला हवा. ज्या मॉडेलची विक्री जास्त, त्याचे सुटे भाग सहज मिळतात. कमी खपलेल्या मॉडेलचा पडदा दुरुस्तीवाल्याला बाहेरून मागवावा लागतो आणि तोवर तुम्ही फोनविना. म्हणून फोन ठरवल्यावर विकणाऱ्याला नव्हे, जवळच्या दुरुस्तीवाल्याला विचारा: 'भाऊ, याचा डिस्प्ले मिळतो का, केवढ्याला?'

दहा हजारांत नव्या साध्या फोनऐवजी तीन-चार वर्षं जुना भारी फोन घ्यावा का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कॅमेरा, पडदा, स्टोरेजचा वेग तिन्ही बाबतीत तो जुना फोन सरस असतो. पण त्याची बॅटरी थकलेली असते, अपडेट संपत आलेले असतात, वॉरंटी नसते आणि पडदा फुटला तर खर्च फोनच्या किमतीच्या निम्म्यावर जाऊ शकतो. घरात तो एकच फोन असेल तर मी नवा, साधा फोन घ्या म्हणेन. ज्याला फोटोंची हौस आहे आणि बॅटरी बदलून घ्यायची तयारी आहे, त्याने जुना खुशाल घ्यावा. फक्त पैसे देण्यापूर्वी त्या फोनवर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढा आणि 'केवायएम' ही तीन इंग्रजी अक्षरं, मग मोकळी जागा, मग तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. केंद्र सरकारची ही सोय आहे. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर तिथे कळतं.

नव्या फोनचं बिल पक्कं घ्या, मोबाइलवरचा १८ टक्के जीएसटी त्यात दाखवलेला असतो. बिलावर दोन्ही आयएमईआय क्रमांक नीट छापलेत ना ते बॉक्सवरच्या क्रमांकांशी जुळवून बघा, आणि बिलाचा फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनमध्ये ठेवा. सीबीएस बस स्थानकाच्या गर्दीत फोन गेलाच, तर आधी पोलिसांत तक्रार करावी लागते, मग तिची प्रत, बिल आणि हे क्रमांक घेऊन केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करता येतो, आणि तेव्हा बिल हरवलेल्या फोनमध्येच असून चालत नाही.